क्रिकेट मंडळाचा वकील आणि कलम १२

कोलशेतला रविवारची मॅच संपल्यावर विहारातल्या एका पोराने विचारले, "दादा, भारतीय संघाच्या निवडीची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मिळतील का?" पोरगा एलएल.बी. करतो. मिळणार नाहीत, म्हणालो. त्याचे कारण क्रिकेट मंडळाच्या विधी विभागात बसलेले आहे.

तिथला वकील करार लिहितो, नियमावली सांभाळतो, नोटिसा काढतो. पण त्याचे मुख्य काम, मंडळ ही खाजगी सोसायटी आहे, घटनेच्या कलम १२ मधले 'राज्य' नव्हे, हे कोर्टात टिकवणे. 'राज्य' ठरले की कलम १४, १६ मानेवर बसतात! २००५ साली झी टेलिफिल्म्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी मंडळ सुटले. संघ मात्र 'भारताचा' म्हणवतो.

नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी याच कलमावर बोलताना सांगितले होते, की ज्याच्या हाती कायदा करण्याची सत्ता वा स्वेच्छाधिकार आहे, अशा प्रत्येकावर मूलभूत हक्क बंधनकारक हवेत. निवड समितीचा स्वेच्छाधिकार काय करतो, हे आपल्याला पालवणकर बाळूंपासून ठाऊक आहे. एवढा मोठा गोलंदाज, पण हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधीच मिळाली नाही.

२०१८ मध्ये विधी आयोगाने मंडळाला माहितीचा अधिकार लावा म्हटले. २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्याने तो सरकारी अनुदानापुरताच ठेवला. मंडळ अनुदान घेतच नाही.

२००५ च्या निकालाने एक दार उघडे ठेवले आहे, कलम २२६ खाली हायकोर्टात रिट. पोराला म्हटले, अर्ज राहू दे, रिटचा मसुदा लिहायला शिक. शनिवारी विहारात बसू.