न लिहिलेल्या ओळी

सी भाषेत प्रोग्राम लिहिणारा भागाकाराचे एक चिन्ह घालून निश्चिंत होतो. परंतु यंत्र ३२ बिटांचे आणि भागावयाच्या संख्या ६४ बिटांच्या असतील, तर ते कार्य सामान्यतः एका यंत्राज्ञेत उरकत नाही, आणि कॉर्टेक्स-एम-झिरोसारख्या लहान प्रोसेसरात तर भागाकाराची आज्ञाच मुळी नसते. अशा वेळी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपाइलर त्या चिन्हाच्या जागी, लेखकाच्या नकळत, एका सिद्ध फंक्शनाची योजना करतो. आणि अशा फंक्शनांचा जो संग्रह जीसीसीसोबतच येतो, त्याचे नाव लिबजीसीसी.

कंपाइलरने तयार केलेल्या ऑब्जेक्ट फाइलीत त्या फंक्शनाचे केवळ नाव नमूद असते. त्याचा पत्ता भरणे ही लिंकरची जबाबदारी. ग्नूचा लिंकर दिलेल्या फाइली ज्या क्रमाने लिहिल्या असतील त्याच क्रमाने तपासतो, आणि संग्रहापाशी पोचल्यावर, तोवर ज्या नावांचा ठाव लागलेला नाही तेवढ्यांचीच पूर्तता करणारे घटक उचलतो. म्हणूनच संग्रह प्रोग्रामच्या आधी लिहिला, तर तेथून काही घेण्याचे प्रयोजनच त्याला दिसत नाही, आणि अखेरीस ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी तक्रार करून तो काम थांबवतो. एरवी जीसीसी स्वतःच ही खबरदारी घेतो. मात्र ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल रचणारे प्रमाण संग्रह वगळण्याचा हुकूम देतात, तेव्हा लिबजीसीसीही वगळला जातो आणि तो त्यांना स्वहस्ते जोडावा लागतो.

येथवरचा प्रश्न तांत्रिक, पुढचा कायद्याचा. जीपीएल परवान्याखालील कोड ज्यात मिसळला, तो प्रोग्राम वितरित करताना समग्रपणे त्याच शर्तींवर द्यावा लागतो. लिबजीसीसीही जीपीएलखालीच येतो; हा दंडक त्याला अक्षरशः लागू केला असता, तर एका भागाकारापायी एखाद्या कंपनीला आपला सारा सोर्स कोड खुला करणे प्राप्त झाले असते. म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या संग्रहाला अपवादाची मुभा ठेवली. परंतु २००९ साली तिचा मसुदा नव्याने करताना अशी अट घातली की, जीसीसीच्या अंतर्गत टप्प्यावरील मजकुरावर जीपीएलशी विसंगत साधनाने प्रक्रिया केलेली नसावी. ज्या संग्रहाविना कित्येक प्रोग्राम पुरे होत नाहीत, त्याच्यावरच ही अट बसवल्यामुळे खाजगी प्लगिनांची, म्हणजे कंपाइलरला बाहेरून जोडायच्या बंदिस्त पुरवण्यांची, वाट अडली. आणि हा बंदोबस्त झाल्यानंतरच, २०१० सालच्या ४.५ या आवृत्तीत, जीसीसीने प्लगिनांना प्रवेश दिला.