सर्व्हर कर्नेलच्या आत न्यावा का?

आता पुढचा प्रश्न. वेब सर्व्हर जोरात पळवायचा, तर तो थेट कर्नेलमध्येच का बसवू नये?

आधी साधी गोष्ट बघू. कुणी तुमच्या साइटवरचा एक फोटो मागितला. सर्व्हर कर्नेलला म्हणतो, फाइल वाचून दे. कर्नेल ती डिस्कवरून स्वतःच्या मेमरीत आणतो, तिथून सर्व्हरच्या मेमरीत कॉपी करतो. सर्व्हर त्यात काही बदल करत नाही. तो तीच फाइल परत कर्नेलला देतो, नेटवर्कवर पाठव म्हणून. पुन्हा कॉपी! हा हेलपाटा फुकटचा आहे.

तो वाचवायला २००१ मध्ये आलेल्या लिनक्स २.४ मध्ये केएचटीटीपीडी नावाचा छोटा सर्व्हर कर्नेलमध्येच होता. तयार फाइली तो स्वतः द्यायचा, बाकीच्या मागण्या बाहेरच्या अपाचीसारख्या सर्व्हरकडे ढकलायचा. पण २.६ मध्ये तो काढून टाकला. कारण हेलपाटा बाहेर राहूनही टाळता येत होता. सेंडफाइल हा सिस्टीम कॉल कर्नेलला एवढंच सांगतो, की ही फाइल त्या कनेक्शनवर परस्पर पाठव. आणि हजारो कनेक्शनांवर लक्ष ठेवायला २.६ मध्ये ईपोल आला.

म्हणजे फायदा बाहेर मिळाला. धोका मात्र आत गेल्यावरच वाढतो. बाहेरचा सर्व्हर कोसळला, तर तेवढा एक प्रोग्रॅम पडतो. कर्नेलमध्ये चूक झाली, तर आख्खं मशीन जातं.

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ पासून एचटीटीपीचं काम कर्नेलमधल्या एचटीटीपी.सिस या ड्रायव्हरकडे दिलं. एप्रिल २०१५ मध्ये त्यातली एक गंभीर चूक जाहीर झाली. ‘फाइलचा अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा तुकडा दे’ अशी मागणी करता येते ना, त्यात प्रचंड मोठा आकडा घातला की हिशोब बिघडायचा. पासवर्ड लागत नव्हता. एका मागणीत मशीन बंद पाडता येत होतं.

तरी मोह सुटत नाही. २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ मध्ये केएसएमबीडी हा फाइल सर्व्हर आत आला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यातलीही एक चूक जाहीर झाली, तीही लॉगिनशिवाय वापरता येणारी. दुरुस्ती तोवर आलेली होती, पण कर्नेल अपडेट केला असेल त्यांनाच ती मिळाली.

तेव्हा कुणी म्हणालं, हे कर्नेलमध्ये नेऊ या, तर दोन गोष्टी विचारा. वेळ नेमका कुठे जातोय, हे मोजलंय का? आणि तेवढाच तुकडा आत ठेवून, अनोळखी माणसाची मागणी वाचण्याचं काम बाहेर ठेवता येईल का? बहुतेक वेळा येतं.