खिशातला ॲम्प्लिफायर आणि ओहमचा हिशेब

हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला असा: ओहमचा आकडा मोठा असेल तर ॲम्प्लिफायर हवाच, लहान असेल तर फोन पुरे. या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धेच, आणि त्या अर्ध्या तथ्यापायी अनेकांचे पैसे वाया जातात. ओहम हे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे, म्हणजे अवरोधाचे, माप. हेडफोन किती मोठ्याने वाजेल हे त्यावरून एकट्याने कळत नाही. त्यासाठी संवेदनशीलता पाहावी लागते, म्हणजे ठरावीक व्होल्ट किंवा मिलीवॅट दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टवर १०३ डेसिबलपर्यंत जातो, आणि त्यासाठी त्याला साडेतीन मिलीवॅटही लागत नाहीत. हायफायमॅनचा एचई-६ केवळ ५० ओहमचा, पण १ मिलीवॅटला ८३.५ डेसिबल एवढीच त्याची संवेदनशीलता. तेच १०३ डेसिबल गाठायला त्याला सुमारे ९० मिलीवॅट द्यावे लागतात, आणि प्रवाह एचडी ६५० च्या जवळजवळ तेरापट. ओहम पाहून ठरवणारा ग्राहक ॲम्प्लिफायर घेईल पहिल्यासाठी, आणि त्याची खरी गरज असेल दुसऱ्याला.

आता फोनच्या बाजूने पाहू. ३.५ मिलिमीटरचा जॅक नसलेल्या फोनला जोडायचा ॲपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. युरोपात विकली जाणारी त्याची आवृत्ती त्याच्या निम्म्यावर थांबते. घरात बसून गाणे ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास धरली आणि तबल्याची कडक थाप किंवा वाद्यवृंदाचा उठाव त्याच्या वर २० डेसिबल जातो असे मानले, तर गरज ९५ डेसिबलची झाली. म्हणजे ‘ॲम्प्लिफायरशिवाय वाजणारच नाही’ अशी ख्याती असलेला एचडी ६५० या बोटभर डोंगलवरही पुरेसा वाजतो. अपवाद आहे तो हळू पातळीवर मुद्रित झालेल्या संगीताचा. जुन्या मैफलींची बरीच ध्वनिमुद्रणे अशी असतात. तिथे आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडतो, आणि आणखी दहा डेसिबलची सोय असलेला ॲम्प्लिफायर खरोखर कामाला येतो.

मिलीवॅटच्या जाहिराती दुसरा गोंधळ घालतात. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण दहापट शक्ती लागते. त्यामुळे १०० ऐवजी २०० मिलीवॅटचे यंत्र घेण्यासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे जेमतेम जाणवणाऱ्या फरकाची किंमत देणे. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुधा ३२ ओहमसाठीचा असतो. ३२ ओहमला ५०० मिलीवॅट म्हणजे ४ व्होल्ट; तेच ४ व्होल्ट ३०० ओहमच्या हेडफोनला दिले की उरतात ५३ मिलीवॅट. ते पुरेसे असतात, पण जाहिरातीतला रुबाब तेवढ्यात उतरतो. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जोडणीचेही असेच आहे. तिच्यामुळे व्होल्टेज दुप्पट, म्हणजे फार तर ६ डेसिबलची भर मिळते. सूर अधिक शुद्ध होतो असा काही नियम नाही, आणि त्याच मांडणीत ॲम्प्लिफायरचा स्वतःचा, म्हणजे आउटपुट, अवरोधही दुप्पट होतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

खरे घोडे पेंड खाते ते या आउटपुट अवरोधापाशी. मोठ्या हेडफोनपेक्षा कानात घालायच्या नाजूक इअरफोनना त्याचा फटका अधिक बसतो. बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या इअरफोनचा अवरोध प्रत्येक सुराला वेगळा असतो: एखाद्या पट्ट्यात ८ ओहम, तर दुसऱ्यात ४०. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध १० ओहम असेल तर पहिल्या पट्ट्यात पातळी ७ डेसिबलने पडते आणि दुसऱ्यात २ डेसिबलनेही नाही. दोन पट्ट्यांत पाच डेसिबलची तफावत पडली म्हणजे गायकाच्या आवाजाचा पोतच बदलला. तोच अवरोध १ ओहम असेल तर तफावत एका डेसिबलच्या आत राहते. याला पुरावा खुद्द इअरफोन बनवणाऱ्यांनीच दिला आहे. एटिमोटिकच्या ईआर-४पी या इअरफोनला ७५ ओहमची एक छोटी जोडतार लावली की त्याचे ध्वनिरूप ईआर-४एस या भावंडासारखे होई. ती जोडतार कंपनी स्वतःच विकत असे. एका साध्या रोधाने इअरफोनचा स्वभाव बदलतो, तर ॲम्प्लिफायरच्या पोटातल्या रोधानेही तो बदलणारच. हा आकडा यंत्रागणिक इतका वेगळा असण्यामागे इतिहासही आहे: १९९६ च्या आयईसी ६१९३८ या मानकात हेडफोनच्या जोडणीसाठी १२० ओहमची शिफारस होती. आजच्या १०-१५ ओहमच्या इअरफोनना ती पार गैरसोयीची. हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा ॲम्प्लिफायरचा अवरोध कमी असावा, हा व्यवहारातला ठोकताळा पाळला की बहुतेक चिंता मिटते.

नाजूक इअरफोनची दुसरी अडचण खरखर. कॅम्पफायर ऑडिओच्या अँड्रोमेडाला ९४ डेसिबलसाठी केवळ ७ मिलिव्होल्ट लागतात. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट ५ मायक्रोव्होल्ट असेल तर तो या इअरफोनमधून ३१ डेसिबलच्या आसपास ऐकू येतो. शांत रात्री आलाप ऐकताना तानपुऱ्यामागे ही सळसळ स्पष्ट जाणवते. गोंगाट १ मायक्रोव्होल्टवर आणला की ती १७ डेसिबलवर जाते आणि ऐकू येईनाशी होते. ‘इअरफोनला काय, कुठलाही ॲम्प्लिफायर चालेल’ हा समज म्हणूनच सगळ्यांत महागात पडतो. मोठ्या हेडफोनसाठी बनवलेले दणकट यंत्र अशा इअरफोनला लावले, तर आवाजाची चकती जरा सरकवताच कान दणाणतात, आणि चकतीच्या अगदी सुरुवातीला डाव्या-उजव्या कानातला आवाजही अनेकदा सारखा नसतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो अनुभवाचा: ॲम्प्लिफायर लावल्यावर खर्ज भरदार झाला, वाद्ये सुटी ऐकू आली, मग हा भास कसा? अनुभव खोटा नसतो, पण त्याचे कारण बहुतेकदा वेगळे असते. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या डेसिबलने जरी मोठे वाजत असले, तरी कान त्याला ‘मोठे’ म्हणत नाही, ‘चांगले’ म्हणतो. तुलना करायचीच तर ५० हर्ट्झचा अखंड सूर वाजवावा, हेडफोन जोडलेला असताना मल्टिमीटरने दोन्ही यंत्रांचे व्होल्टेज मोजून सारखे करावे, आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. एवढे करूनही फरक टिकला तर तो खरा, आणि मग त्याचे मूळ शोधावे: एखाद्या यंत्राचा अवरोध जास्त आहे, किंवा ते हेडफोनला लागणारा प्रवाह पुरवू शकत नाही. ॲम्प्लिफायरने खराखुरा फायदा होतो तो अशाच ठिकाणी, आणि तिथे तो जरूर घ्यावा.

‘पुढेमागे मोठा हेडफोन घेतला तर उपयोगी पडेल’ म्हणून आजच जास्त ताकदीचे यंत्र घेण्याचा युक्तिवादही मला पटत नाही. ते ओझे रोज खिशात वागवावे लागते, बॅटरी लवकर संपते, आणि धोका कानाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. तापलेल्या बसमध्ये गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेणाऱ्याला ॲम्प्लिफायरपेक्षा कानात घट्ट बसणारी रबरी टोपणे अधिक उपयोगी. ब्लूटूथ हेडफोनच्या आत तर स्वतःचा ॲम्प्लिफायर असतोच, त्यामुळे बिनतारी ऐकताना बाहेरच्या यंत्राला काही कामच उरत नाही.

तेव्हा आधी हेडफोन ठरवावा, त्याची संवेदनशीलता आणि अवरोध कागदावर लिहावा, आपल्याला लागणारे डेसिबल धरून व्होल्ट काढावेत, आणि मगच दुकानात पाऊल टाकावे. तिथे यंत्राचा आउटपुट अवरोध आणि गोंगाटाचा आकडा विचारावा. उत्पादकाने मिलीवॅट ठळक छापले आहेत, पण हे दोन आकडे कुठेच दिलेले नाहीत, असे असेल तर ते यंत्र बाजूला ठेवून पुढचे पाहावे.