सायकलच्या रिममध्ये पावसाचं पाणी : ते कसं शिरतं, कसं काढायचं



आपल्या गटांच्या कर्जाच्या वहीत म्हैस, शिलाई मशीन, किराणा यांच्या रांगेत अधूनमधून एक नोंद दिसते : ‘मुलीसाठी सायकल’. रक्कम लहान असते, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. मळ्यातल्या वस्तीवर एसटी येत नाही. तिथली मुलगी पलूसला, भिलवडीला नाहीतर रामानंदनगरला शाळा-कॉलेजात जाते ती या सायकलवरच. ऐन पावसाळ्यात आठवड्यात दोनदा चाक बसलं की एक दिवस बुडतो, मग दुसरा बुडतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘राहू दे की आता, पावसाचं कशाला जातीस?’ म्हणून या वेळी चाकाविषयी.

पावसाळ्यात पंक्चर जास्त का होतात? एक कारण सगळ्यांना माहीत आहे : ओल्या रस्त्यावर बाभळीचा काटा, काचेचा तुकडा टायरला चिकटतो आणि ओलं रबर त्याला लवकर वाट देतो. दुसरं कारण मात्र बाहेरून दिसत नाही. ते रिमच्या आत असतं.

ट्यूबमध्ये पाणी जात नाही, तिथं हवा दाबून भरलेली असते. पाणी साठतं ते ट्यूब आणि रिम यांच्या मधल्या खोबणीत. तिथं ते शिरतं कसं, ते बघा. प्रत्येक तार, म्हणजे स्पोक, रिमच्या एकेका भोकात निप्पलनं अडकवलेली असते आणि त्या भोकाला कुठलंही पॅकिंग नसतं. हवा भरायच्या व्हॉल्वचं भोक तर त्याहून मोठं. आणि तिसरी वाट म्हणजे टायरची कड. टायर रिमला चिकटवलेला नसतो. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला, तेव्हा तो चाकाला चिकटवूनच टाकला होता. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोडवायचं! १८९० मध्ये वेल्च नावाच्या माणसानं टायरच्या कडेत तार घालायची युक्ती काढली, आणि तेव्हापासून टायर नुसत्या तारेवर आणि हवेच्या दाबावर रिममध्ये बसतो. म्हणून तर तो हातानं काढता येतो. आणि म्हणूनच तिथून पाणीही आत जातं.

तेव्हा रिम पूर्ण बंद करायच्या नादाला लागू नका. काहीजण एम-सीलनं भोकं बुजवतात, कडेला सोल्युशन फासतात. पाणी तरीही शिरतं, फक्त बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते आठ-आठ दिवस आत राहतं. आपलं काम दोनच गोष्टींचं : पाणी कमी शिरावं, आणि शिरलेलं लवकर निघावं.

साठलेल्या पाण्यानं होतं काय? आपल्याकडच्या बहुतेक सायकलींची रिम लोखंडी. बाहेरून चकचकीत मुलामा असतो, पण भोकांच्या कडांना आणि आत खरवडलेल्या जागी तो टिकत नाही. तिथं गंज धरतो, गंजाचे पापुद्रे सुटतात आणि ट्यूबला आतून घासत राहतात. निप्पलवरची पट्टी कुजली की ताराची टोकंही ट्यूबला टोचतात. तुम्ही पंक्चर काढून आणता, चार दिवसांनी पुन्हा हवा कमी. म्हणून पंक्चरवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा : ‘भोक कुठल्या अंगाला आहे?’ रस्त्याच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच. रिमच्या अंगाला असेल तर रिमच्या आतच बिघाड आहे, आणि कितीही पॅच लावले तरी पुन्हा तेच होणार. घरच्या घरी ओळखायची खूण म्हणजे तारांच्या मुळाशी आलेले तांबूस ओघळ.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त उपाय हवा. टायर मऊ असला की खड्ड्यात त्याची कड हलते आणि तिथून पाणी, वाळू दोन्ही आत ओढलं जातं. टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाचा आकडा छापलेला असतो, दुकानात तेवढी भरून घ्या. घरी पंपानं भरत असाल तर टायर अंगठ्यानं जोरात दाबून बघा, जेमतेम दबला पाहिजे. व्हॉल्वच्या बुडाशी रिमला टेकणारा नट असतो, तो पावसाळ्यात हातानं घट्ट ठेवा. पक्कड लावायची गरज नाही.

मग रिमपट्टी. टायर-ट्यूब काढल्यावर रिमच्या मधोमध जी पट्टी दिसते ती निप्पल झाकते. पुष्कळ सायकलींत ती तुटलेली तरी असते नाहीतर नसतेच. नवी पट्टी स्वस्त मिळते. नाहीच मिळाली तर जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला, दुकानदारही तेच करतात. फक्त रुंदी सांभाळा : सगळी निप्पलं झाकली पाहिजेत, पण पट्टी टायरच्या कडेखाली जाता कामा नये. गेली तर टायर नीट बसत नाही आणि चाक उड्या मारतं.

भिजून आलेल्या सायकलचं काय करायचं? मुलीला एवढंच शिकवा. चाक फिरवून व्हॉल्व सगळ्यात खाली आणायचा, नट दोन-तीन आटे सैल करायचा आणि सायकल तशीच रात्रभर उभी ठेवायची. रिममधलं सगळ्यात मोठं भोक ते, म्हणून पाणी तिथूनच झिरपतं. सकाळी निघताना नट पुन्हा घट्ट. टायरच्या कडेला आणि मडगार्डात बसलेला काळ्या रानाचा चिखल वाळायच्या आत काडीनं काढून टाकायचा, कारण तो ओल धरून ठेवतो. धुवायची तर बादली आणि फडकं घ्या. मोटरच्या पाइपची जोराची धार रिमच्या कडेवर आणि चाकाच्या मध्यावर मारू नका, पावसापेक्षा ती जास्त पाणी आत घालते.

आणि तेल! पाऊस लागला की सायकलला डिझेल, रॉकेल, ऑइल फासायची आपल्याकडे फार हौस. साखळीला ऑइल द्या, जरूर द्या. रिमला आणि टायरला मात्र ते लागू देऊ नका. रबर फुगून मऊ पडतं आणि ब्रेक घसरतो. लोखंडी रिम नुसती ओली असली तरी ब्रेक उशिरा लागतो, हे मुलींना सांगायला हवं. उतारावर, फाट्यावर थोडं आधीपासून हलका ब्रेक धरला की रिमवरचं पाणी पुसलं जातं.

कृष्णाकाठच्या मैत्रिणींसाठी वेगळं सांगते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सायकलीच्या सायकली पाण्याखाली गेल्या. अशी सायकल बाहेर काढल्यावर लगेच चालवू नका. पुराचा गाळ रिममध्ये तर जातोच, पण चाकाच्या मध्यातल्या छऱ्यांतही जातो आणि तो पॉलिश पेपरसारखा घासतो. आधी टायर-ट्यूब काढून सगळं स्वच्छ पाण्यानं धुवा, सावलीत पूर्ण वाळू द्या. छरे मात्र दुकानात उघडून, धुऊन, नवीन ग्रीस भरून घ्या. एरवीही ओढ्याचं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर छऱ्यांत जातंच. आणि पाणी वाहतं असेल तर सायकल अलीकडेच ठेवायची, कितीही उशीर होत असला तरी.

पाऊस सरला की, म्हणजे नवरात्र झाल्यावर, एकदा रिम उघडायची. गंज पॉलिश पेपरनं घासा, कोरड्या फडक्यानं पुसा, रेड ऑक्साईडचा पातळ हात द्या आणि पूर्ण दिवस वाळू द्या. दारं-खिडक्यांना लावतो तोच रंग. ब्रेकचं रबर टेकतं तिथं तो लावू नका. एक लहान डबा दहा-बारा सायकलींना सहज पुरतो, त्यामुळे गटानं मिळून घेतलेला बरा. ट्यूबला थोडी अंगाची पावडर चोळून बसवा, म्हणजे ती टायरला चिकटत नाही. गंजानं रिमला भोकं पडली असतील किंवा नखानं टोकरल्यावर पत्रा सुटत असेल, तर रंग देत बसू नका, रिम बदला.

पुढचं चाक घरी सहज निघतं. मागच्याला साखळी, ब्रेक, स्टँड सगळं येतं. पहिल्या वेळी ते दुकानात करून घ्या आणि मुलीला शेजारी उभी करा.