यंत्राच्या भाकिताची उलटतपासणी

टोर्नेडोंच्या तडाख्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एमी मॅकगव्हर्न २००५ साली आल्या, त्या हवामानशास्त्रज्ञ म्हणून नव्हे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अँड्र्यू बार्टो यांच्या हाताखाली २००२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, ती यंत्राने अनुभवातून स्वतःच कसे शिकावे या विषयात. (या क्षेत्रातील कार्यासाठीच बार्टो यांना पुढे २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.) पण ओक्लाहोमा विद्यापीठ नॉर्मन शहरात, आणि अमेरिकेची तीव्र वादळांची राष्ट्रीय प्रयोगशाळाही तेथेच. संगणकशास्त्राच्या या प्राध्यापिकेला वादळांनी ओढले नसते तरच नवल!

महासंगणक वातावरणाची भौतिक समीकरणे सोडवतात. मात्र गारांचा आकार किंवा टोर्नेडोचा उगम त्या जाळीतून सहज निसटतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मॅकगव्हर्न व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘निर्णयवृक्ष’ योजले. निर्णयवृक्ष म्हणजे हो-नाही प्रश्नांची साखळी. वर चढणारा वारा अमुक वेगाहून जोरदार आहे काय? गोठणपातळी अमुक उंचीच्या खाली आहे काय? जुन्या वादळांच्या नोंदींवर असे शेकडो वृक्ष वाढवायचे आणि नव्या वादळाबाबत त्यांचा कौल घ्यायचा.

खरी अडचण पुढेच होती. या अरण्यात कौल कशामुळे लागला, ते उमजत नसे. इशाऱ्याची जबाबदारी तर माणसावरच. अकारण भोंगा वाजला तर लोक पुढच्या वेळी कानाडोळा करतात. वाजलाच नाही तर जीव जातात. म्हणून २०१९ मध्ये मॅकगव्हर्न व सहकाऱ्यांनी अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात यंत्राचे अंतरंग तपासण्याच्या पद्धती मांडल्या. त्यातील एक अगदी साधी आहे. उदाहरणार्थ, आर्द्रतेचे आकडे पत्त्यांसारखे पिसायचे. भाकीत कोलमडले तर यंत्र आर्द्रतेवर विसंबून होते, असे समजायचे. अर्थात, जोडीने बदलणारे घटक येथेही चकवतातच.

२०२० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेची संस्था उभी राहिली. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने तिला पाच वर्षांसाठी २ कोटी डॉलर दिले. लोक धोक्याचा इशारा कसा समजून घेतात, हे अभ्यासणारे समाजशास्त्रज्ञही तीत होते, हे विशेष.

तरी एक पेच उरतो, आणि २०२२ च्या एका लेखात मॅकगव्हर्न व सहकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले. गारांची नोंद बव्हंशी माणसे करतात. वस्ती विरळ तेथे नोंदही विरळ. तेवढ्यावरच शिकलेले यंत्र अशा भागात गारा क्वचितच पडतात, असे मानू लागते. तेथील शेतकऱ्यापर्यंत इशारा पोहोचेल की नाही, हे मग कोऱ्या राहिलेल्या नोंदींवर अवलंबून राहते.