जोत्याआधीची मुंबई

गल्लीत पत्रे लागले की लोकांना कळतं, इथे काहीतरी येणार. मग पानवाला सांगतो, ‘टॉवर येतोय.’ वॉचमन म्हणतो, चाळीस माळे. समोरच्या चाळीतले काका तर बिल्डरचे भागीदार कोण कोण, तेही छातीठोकपणे सांगतात. खरी माहिती त्याच पत्र्यावर ठोकलेल्या फलकावर असते, आणि तो वाचायला कुणी थांबत नाही. थांबायला हवं. नगर भूमापन क्रमांक, म्हणजे बोलीतला सीटीएस नंबर, वास्तुविशारदाचं नाव, परवानग्यांचे क्रमांक आणि तारखा, सदनिका विकायच्या असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक. त्या क्रमांकाची सुरुवात पी५१९ अशी असेल तर प्रकल्प मुंबई शहरातला, पी५१८ असेल तर उपनगरातला. पुण्याचा पी५२१. एवढं हाती आलं की घरी बसून त्या इमारतीची कुंडली मांडता येते.

इमारत जमिनीवर उभी राहण्याच्या कितीतरी आधी कागदावर उभी राहते. मला नाद लागला तो या कागदी इमारतींचा. लोअर परळ, वरळी, नायगाव हा माझ्या पायाखालचा भाग, म्हणून त्यांच्या नोंदींची वही त्याच भागाची. ही वही भरताना एक गोष्ट खटकत राहिली. प्रत्येक कचेरीत त्या त्या भूखंडाचा हिशेब अगदी काटेकोर असतो. गल्लीचा मात्र कुठेच नसतो.

मुंबईत बांधकामाच्या परवानगीचा पहिला कागद ‘आयओडी’. हे काय ते विचारलं तर अनुभवी एजंटही ‘प्लॅन पास झाला’ म्हणून मोकळा होतो. पूर्ण नाव आहे ‘इन्टिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नापसंती कळवणारं पत्र! १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातल्या ३४६ व्या कलमाखाली आयुक्त कळवतात की तुमचा आराखडा मला मान्य नाही, त्याची कारणं पुढीलप्रमाणे. ती कारणं म्हणजेच अटींची लांबलचक यादी. अटी पुऱ्या केल्या की नापसंती विरते आणि काम सुरू करण्याचा दाखला, सीसी, हाती येतो. तोही बहुधा आधी फक्त जोत्यापर्यंतचा. जोतं तपासून झालं की वरच्या मजल्यांचा. सगळ्यात शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. ‘प्लॅन पास झाला’ ऐकून पेढे वाटणाऱ्या रहिवाशांच्या हातात त्या दिवशी असतं ते हे नापसंतीचं पत्र. माझ्या वहीत म्हणून प्रत्येक नावापुढे शेवटचा कागद कोणता, एवढाच रकाना आहे. भूमिपूजनाला रकाना नाही.

का नाही, ते बीडीडी चाळींवरून कळेल. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या २०७ इमारती: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, म्हाडा बांधणार, असं ठरलं आणि एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झालं. सरकार बदललं. ऑगस्ट २०२१ मध्ये वरळीत पुन्हा कामाचा शुभारंभ झाला. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या लोकांच्या हाती पडल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. वर्तमानपत्रांची कात्रणं मोजली तर हा प्रकल्प दोनदा सुरू झाला. ज्यांनी त्या किल्ल्या घेतल्या त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी गिरणीचा भोंगाही ऐकलेला आणि लिफ्टची घंटाही.

महारेरा आल्यापासून, म्हणजे १ मे २०१७ पासून, आमच्यासारख्यांचं काम फार सोपं झालं, हे मान्य करायला हवं. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठांपेक्षा जास्त असतील, तर विक्रीआधी नोंदणी सक्तीची. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, दर तीन महिन्यांनी कामाची प्रगती कळवायची. पूर्ततेची मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही दिसतात. या दोन तारखांमधलं अंतर मी जाहिरातीतल्या स्विमिंग पूलपेक्षा लक्षपूर्वक बघतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे.

पण रेरा हा ग्राहकाचा कायदा आहे, शहराचा नव्हे, आणि नवखा माणूस इथेच फसतो. एकाच प्रकल्पाच्या तीन विंग तीन क्रमांकांनी नोंदल्या जातात. म्हणून नोंदण्या मोजून प्रकल्प मोजले असं होत नाही. जे विकायचं नाही ते तिथे नसतंच. विकास नियमावलीतल्या ‘तेहतीस सात’ या नियमाखालच्या, म्हणजे जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात विक्रीची उंच विंग संकेतस्थळावर दिसते आणि मूळ भाडेकरूंची पुनर्वसनाची विंग दिसत नाही. ‘तेहतीस दहा’त, झोपडपट्टी पुनर्वसनातही तेच. भाड्यानेच द्यायची आहे अशी काचेची ऑफिस इमारतही गायब. आता २०३४ च्या विकास नियमावलीत ‘तेहतीस एकोणीस’खाली व्यापारी इमारतींना पाचपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक मिळू शकतो. म्हणजे ज्या इमारतीत रोज हजारो माणसं येणार-जाणार, तीच ग्राहकाच्या यादीत नाही.

ती सापडते पर्यावरण परवानगीच्या अर्जात. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाला ही परवानगी लागते. हे अर्ज रटाळ असतात, पण माझ्या मते शहराबद्दलचं सगळ्यात प्रामाणिक वाङ्‌मय तेच. सदनिका किती, दुकानं किती, माणसं किती, गाड्या उभ्या करायला जागा किती, पाणी किती, मैला किती, खोदलेली माती कुठे टाकणार, सगळं त्यात. हिशेबाची मापं ठरलेली: राहणाऱ्या माणसाला रोज १३५ लिटर, ऑफिसात येणाऱ्याला ४५. समजा ४०० सदनिका, घरटी पाच माणसं. झाले २,७०,००० लिटर. शेजारच्या ऑफिसात ५,००० माणसं, आणखी २,२५,०००. यातलं काही पाणी शुद्ध करून फ्लशला वापरतात, तेही अर्जात असतं. प्रत्येक अर्ज आपल्यापुरता रास्त दिसतो. एका गल्लीतले सात अर्ज शेजारी ठेवून बेरीज मारा, मग छातीत धस्स होतं. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी सात तलावांतून मिळतं, आणि त्यात शेवटची मोठी भर पडली ती २०१४ साली, मध्य वैतरणाची.

बेरीज न करण्याची ही खोड नवी नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत गिरणगावाचा धूर थांबला. मागे राहिल्या ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या ऐन मध्यावर, दोन्ही रेल्वेमार्गांना लागून. एवढी सलग संधी मुंबईला पुन्हा मिळणार नव्हती. १९९१ च्या नियमावलीतला ५८ वा नियम ढोबळमानाने असा होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. १९९६ मध्ये सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्या सुट्या सुट्या न बघता एकत्र बघा, रस्ते, मैदानं, स्थानकाकडे जाणाऱ्या वाटा आधी आखा, असा त्यांचा आग्रह होता. अहवाल फडताळात गेला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची व्हायची, असं ठरलं. गिरणीच्या आवारात रिकामं असतं किती? शेड, गोदामं, चिमणी, बॉयलर हाउस यांनीच आवार भरलेलं. पालिकेचा आणि म्हाडाचा हिस्सा चिंधीएवढा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये बदललेला नियम कायम झाला.

त्यानंतर एकेक गिरणी आपापल्या फाटकाआड बदलली. कुठे मॉल, कुठे टॉवर, कुठे ऑफिसं. परवानगीची प्रत्येक फाइल स्वतंत्र. रेल्वेचा पूल पालिकेच्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हता, कारण रेल्वे पालिकेच्या अखत्यारीत नाही. पूर्वी पाळीचे कामगार चाळीतून चालत गिरणीत यायचे. आता विरार-कल्याणहून हजारो माणसं रोज परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांवर उतरायला लागली, आणि जिना तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, ही दोन स्थानकं जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. अपघाताची कारणं चौकशीत आली, नवा पूल लष्कराने बांधून दिला. ऑफिसांच्या इमारतींच्या परवानग्या मी नंतर तारखेनुसार लावून पाहिल्या. एकातही चूक सापडत नाही. हेच मला आजवर पचलेलं नाही.

विकास आराखडा हेच बेरजेचं कागदपत्र ना, असं कुणी म्हणेल. कायद्याने हो. १९६६ च्या नगररचना कायद्याचा हेतूच तो. पण २०३४ चा म्हणून ओळखला जाणारा मुंबईचा आराखडा पहिल्यांदा फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांसमोर आला आणि चुकांचा एवढा बभ्रा झाला की दोनच महिन्यांत मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये दुसरा मसुदा. नियमावली लागू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला. तोवर शहर जुन्या नियमांवर वाढतच होतं. आराखड्यात आरक्षण असलेल्या भूखंडावर शाळा, मैदान, दवाखाना असं लिहिलेलं असतं. पण ठरावीक मुदतीत जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो आणि तरीही काही झालं नाही तर आरक्षण उडतं. ज्याला आपल्या गल्लीत मैदान हवंय त्याने टॉवरच्या फलकाइतकंच या नोटिसांवर लक्ष ठेवावं.

गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या रस्त्याला नवे पत्रे लागले. फलक अजून आलेला नाही. शेजारच्या भिंतीवर जुन्या मालमत्तेचा सीटीएस नंबर पुसट दिसत होता, तो उतरवून घेतला. पानवाल्याच्या मते मॉल येतोय.