पेन्शन अमेरिकेची, घर इक्वेडोरमध्ये! निवृत्त अमेरिकन कुएन्काला का जातात? जाणून घ्या

पेन्शनमध्ये घरभाडं आणि औषधपाणी भागत नसल्याने अनेक निवृत्त अमेरिकन नागरिक दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर गाठतात. त्यांच्या आवडीचं ठिकाण म्हणजे अँडीज पर्वतातील कुएन्का शहर.

तिथे डॉलर कसा चालतो?
१९९९ च्या बँकिंग संकटात 'सुक्रे' हे चलन कोसळलं. २००० मध्ये एका डॉलरला २५ हजार सुक्रे हा दर धरून देशाने अमेरिकी डॉलरच स्वीकारला. त्यामुळे पेन्शन बदलून घ्यावी लागत नाही.

मग स्वस्ताई कशामुळे?
कमी पगारांमुळे. २०२५ मध्ये किमान मासिक वेतन ४७० डॉलर होतं. भाजी, घरकाम, बसभाडं याच पगाराच्या हिशेबाने ठरतं. मात्र घर शोधताना स्थानिकांना याच पगारावर परदेशी पेन्शनरांशी स्पर्धा करावी लागते.

व्हिसाची अट काय?
पेन्शन किमान वेतनाच्या तिप्पट हवी. २०२५ च्या हिशेबाने दरमहा १,४१० डॉलर, म्हणजे एक लाख रुपयांहून जास्त. त्यामुळे रुपयात पेन्शन घेणाऱ्या बहुतेकांना हे गणित जमणारं नाही.

धोके कोणते?
टोळ्यांच्या हिंसाचारामुळे जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनिएल नोबोआ यांनी 'अंतर्गत सशस्त्र संघर्ष' जाहीर केला. याची झळ मुख्यतः किनारपट्टीला बसली. त्याच वर्षी दुष्काळामुळे जलविद्युत निर्मिती घटली आणि दिवसाला १४ तासांपर्यंत वीज गेली. ही झळ मात्र कुएन्कालाही बसली.

म्हणूनच अमेरिकेतलं घर विकण्याआधी काही महिने तिथे भाड्याने राहून पाहणं शहाणपणाचं.